गाडीला लागलेला पायगुण

आमच्या घरात आवाज करणाऱ्या दोन गोष्टी होत्या, ट्रक आणि माझा थोरला भाऊ. ट्रकची किल्ली फिरवली की तो गप्प व्हायचा. दादाला किल्ली नव्हती.

ट्रक लढाईनंतर लष्कराने मोडीत काढलेल्या मालातला. पेट्रोलवर चालायचा आणि त्याचं स्टिअरिंग डाव्या अंगाला होतं. दादाने त्याचा हिरवा रंग खरवडून वर निळा फासला, कपाळावर कुलदेवाचं नाव लिहून घेतलं आणि तेव्हापासून तो स्वतःला मोटारमालक म्हणवून घेऊ लागला. मोटारमालकाचं काम काय, तर माल चढवताना काठी टेकून उभं राहायचं आणि पोती उचलणाऱ्यांना 'दमानं, दमानं' म्हणायचं. गाडी त्याला चालवता येत नव्हती. एकदा हौसेने बसला आणि शेजाऱ्याच्या गोठ्याची भिंत पाडली. वर गोठा भलत्या जागी बांधलाय म्हणून शेजाऱ्यालाच चार शब्द सुनावून आला. त्यानंतर स्टिअरिंगवर कायम मीच.

आमच्या नांदे गावापासून पुण्यापर्यंत मी भात, सरपण, कधी कोळसा घेऊन जायचो. रस्ता म्हणजे दगड आणि त्यांच्यामधली धूळ. तरी गाडीने मला कधी दगा दिला नव्हता, आणि गाडीबद्दल एवढं चांगलं बोलतोय ते यासाठी, की या गोष्टीतल्या माणसांबद्दल मला बोलता येण्यासारखं फारसं काही नाही.

आमची एक बहीण होती, दादाहून धाकटी आणि माझ्याहून थोरली. तिला नेऱ्यात दिली होती. श्रावणात तिचा नवरा तापाने गेला. मूलबाळ नव्हतं. सासरच्यांनी दुःख आवरलं आणि तिला दोन माणसांचं काम लावलं, नवऱ्याच्या वाटणीचंही. नेऱ्याहून येणारा प्रत्येक माणूस सांगायचा की तुमची आक्का वाळून काटकी झालीय. दादा ऐकायचा, मान हलवायचा आणि 'बगू' म्हणायचा. दादाच्या 'बगू'चा अर्थ मला लहानपणापासून माहीत आहे. शेवटी मीच भांडलो. दसरा होऊ दे, मग आण, असं त्याने कबूल केलं.

खंडेनवमीला दादाने गाडी पूजली. मी पूजेला थांबत नसे. आदल्या दिवशी गाडी घासूनपुसून धुऊन द्यायची आणि नवमीला मित्रांकडे निघून जायचं, हा माझा शिरस्ता. इंजिनाला हळद-कुंकू लावलं तर ते जास्त ओढतं असं मला कुणी दाखवून दिलेलं नाही. दादा मात्र त्या दिवशी गाडीला नवरीसारखी सजवायचा. काचेवर झेंडूच्या माळा, आंब्याचे टाळे, बंपरला नारळ. बॉनेट उघडून आतसुद्धा जिथे बोट पोचेल तिथे कुंकू. त्या माळा वाळून खळखळ वाजायला लागल्या तरी दिवाळीपर्यंत काढू द्यायचा नाही. मला माळांच्या फटीतून रस्ता बघावा लागे.

दसऱ्यानंतर मी आक्काला आणायला नेऱ्याला गेलो. सणात गाडी उभीच होती, त्यामुळे ही तिची पहिली खेप. जाताना मी रेस धरून सुसाट गेलो, काही जाणवलं नाही. सासरच्या लोकांनी आक्काला हाकलली नाही आणि निरोपही दिला नाही, नुसते ओट्यावर बसून राहिले. तिने एक गाठोडं उचललं आणि माझ्या शेजारी येऊन बसली. माण गावाच्या अलीकडे मेंढरांचा कळप आडवा आला म्हणून मी गाडी थांबवली. रेसवरून पाय काढला आणि इंजिन थरथरायला लागलं. दोन आचके दिले आणि बंद पडलं.

गाडी उभी असताना, रेसवर पाय नसताना, इंजिन जे आपलं आपण सावकाश फिरत राहतं त्याला आम्ही ड्रायव्हर लोक स्लो म्हणतो. आमच्या गाडीचा स्लो असा होता की मडगार्डवर ठेवलेला पाण्याचा तांब्या डुचमळत नसे. आणि आता ती मेंढरांसमोर हिवताप भरल्यासारखी कापत होती. मी हँडल मारलं, रेस दाबून धरली, ती नीट चालली. पाय काढला, परत कापायला लागली. धनगर काठीवर हनुवटी ठेवून बघत होता. त्याने मला विचारलं, "म्हातारी झाली का?" धनगराशी मोटारीबद्दल बोलण्याइतका मी रिकामा नव्हतो.

घरासमोर गाडी उभी केली तेव्हा वहिनी, म्हणजे दादाची बायको, भाकरतुकडा ओवाळायला दारात आली होती. आक्का खाली उतरली. तिचा पाय जमिनीला टेकला आणि त्याच घटकेला इंजिन थरथरून बंद पडलं. मी पाय रेसवरून काढला म्हणून पडलं. पण वहिनीने माझ्या पायाकडे बघितलं नाही, आक्काच्या पायाकडे बघितलं. हातातला भाकरतुकडा तसाच राहिला.

"काय झालं रं गाडीला?" दादाने विचारलं.

"स्लोला थांबत न्हाई."

"कवापासनं?"

"माणपासनं."

"म्हंजे आक्का बसल्यापासनं," वहिनी म्हणाली. अगदी हळू म्हणाली, पण अंगणातल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढं.

पायगुण हा शब्द तिने तेव्हा उच्चारला नाही. तो रात्रीतून कुठून तरी आला आणि सकाळी पाणवठ्यावर सगळ्या बायकांच्या तोंडी होता. नवी सून घरात आली आणि म्हैस व्याली की तिचा पायगुण चांगला, दिवा विझला की वाईट. नवऱ्याला खाऊन आलेली बाई गाडीत बसली आणि गाडी कापायला लागली, आता याहून पुरावा तो काय लागतो? आमच्या गावातल्या लोकांना बैलाच्या पायातला काटा शोधायला अर्धा दिवस लागायचा. बाईच्या पायातला दोष मात्र त्यांना उभ्या उभ्या दिसायचा.

मी दादाला म्हटलं, "गाडी पेट्रोल आणि वाऱ्यावर चालती. आक्काच्या पायाचा तिच्याशी काय संबंद?"

"मी कुटं काय म्हनतुया?" दादा म्हणाला. हे त्याचं नेहमीचं. तो कधीच काही म्हणत नसे. लोक म्हणायचे, तो फक्त त्याप्रमाणे वागायचा.

लगेच वागायला लागला. आक्काने गाडीला हात लावायचा नाही, गाडीच्या सावलीत भांडी घासायला बसायचं नाही, सकाळी गाडी निघताना अंगणात यायचं नाही. हे तिला सांगायचं काम वहिनीकडे. आक्का ऐकून घ्यायची आणि परसात जायची. ती सासरी जेवढं राबत होती तेवढंच आमच्याकडे राबत होती, फरक इतकाच की इथे तिला ते आवडीने करतेय असं दाखवावं लागत होतं.

भाताची कापणी सुरू झाली होती. तीन आठवड्यांत आंबेमोहर झोडून, पोती भरून पुण्याला जायला लागणार होता. शेजारच्या चांद्याचा एक शेतकरी दरसाल आपलं भात आमच्या गाडीतून पाठवायचा. त्याने या खेपेला निरोप दिला की मी बैलगाडी सांगितलीय. तसा निरोप आला की दादा जेवताना आक्काच्या ताटाकडे बघायचा. हे चाललं तर आक्का परत नेऱ्याला जाणार हे मला स्वच्छ दिसत होतं. नेऱ्यात तिची काय गत होती तेही मी बघून आलो होतो. म्हणजे आता सगळं त्या इंजिनाच्या थरथरीवर येऊन ठेपलं होतं. ती गेली तर आक्का राहणार, राहिली तर आक्का जाणार. बहिणीचं घर कार्बोरेटरवर अवलंबून असलेला माणूस महाराष्ट्रात दुसरा नसेल.

म्हणून मी दादाला पटवलं आणि त्याला घेऊन गाडी पौडच्या मिस्त्रीकडे नेली. हा मिस्त्री मुळात पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. कुठल्याही इंजिनाला पंप समजून चालण्याएवढा त्याला आत्मविश्वास होता. त्याने बॉनेट उघडलं, आत डोकं घातलं आणि 'अरारा' म्हणाला. अजून काही बघितलेलं नव्हतं. 'अरारा' ही त्याची पद्धत. गिऱ्हाइकाच्या पोटात गोळा आला की पुढचं काम सोपं जातं.

त्याने प्लग काढून घासले, बसवले. गाडी कापतच होती. त्याने करंटचे पॉइंट घासले. कापतच होती. त्याने कार्बोरेटर उतरवून रॉकेलमध्ये बुडवला, त्यातल्या बारीक भोकांत तोंडाने फुंकर मारली, वर जमलेल्या लोकांकडे असं बघितलं की जणू प्राणच फुंकला. बसवला. गाडी कापतच होती. मग तो म्हणाला, व्हॉल्व्ह जळाले असतील. जळालेल्या व्हॉल्व्हची गाडी चढाला ओढत नाही, आमची ओढत होती, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मिस्त्री तू का मी?" मी म्हटलं, "त्येच बगतुया."

कार्बोरेटरच्या मागे, ड्रायव्हरपुढच्या पत्र्याच्या बाजूला, एका ठिकाणी सुतळीने आवळून बांधलेलं फडकं होतं, हळद-कुंकवाने माखलेलं. मिस्त्रीने ते बोटाने दाखवलं. "ह्ये काय?"

"पूजेचं हाय," दादा म्हणाला. "त्याला हात लावू नगा."

मिस्त्रीने हात लगेच मागे घेतला. प्लगला न भिणारा माणूस फडक्याला भ्याला. शेवटी त्याने स्लोचा स्क्रू पिळून पिळून इतका वर चढवला की गाडी उभ्या उभ्या घोंगावायला लागली. आता ती बंद पडत नव्हती, कारण ती पळत असल्यासारखीच उभी राहत होती. "झाली," तो म्हणाला. याला दुरुस्ती म्हणायचं असेल तर रडणाऱ्या पोराच्या तोंडात बोळा कोंबणं ही पण दुरुस्तीच आहे. त्या आठवड्यात गाडीने पेट्रोल पाण्यासारखं प्यायलं आणि दादाने स्वतःच तो स्क्रू उलटा फिरवला.

मग चांद्याहून एक पलटणीतून आलेला माणूस बोलावला. हा लढाईत होता, आणि अशाच गाड्या वाळवंटात चालवल्या असं सांगायचा. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरला लाथ मारली, पलटणीतले लोक हे का करतात मला कधी कळलं नाही, आणि चहा मागितला. चहा पिता पिता त्याने वाळवंटाची गोष्ट सांगितली. दुसऱ्या कपाबरोबर दुसरी गोष्ट. बॉनेट उघडायची वेळ आली तेव्हा उन्हं उतरली होती. त्याने स्क्रू ड्रायव्हर घेऊन एकेका प्लगचं करंट तोडून बघितलं. हे मात्र बरोबर होतं. सहाच्या सहा प्लगला इंजिनाचा आवाज सारखाच खाली आला. याचा अर्थ कुठलाही एक सिलिंडर बिघडलेला नाही, सगळ्यांना मिळून काहीतरी कमी-जास्त मिळतंय. एवढं माझ्या ध्यानात आलं. त्याच्या आलं नाही. त्याने स्क्रू ड्रायव्हर धोतराला पुसला आणि म्हणाला, "मशीन एकदम ठीक हाय. ह्ये मशिनातलं न्हाई."

"मंग कशातलं?" दादाने विचारलं. त्याला उत्तर माहीत होतं आणि ते दुसऱ्याकडून हवं होतं.

तो माणूस फडक्याकडे बघत म्हणाला, "तुमी बंदोबस्त केलेला दिसतुया. पर लई जोराचं हाय वाटतं." त्याला वाटलं होतं की ते फडकं कुठल्या देवऋषीने बांधलेलं आहे. दादाने तसं नाही म्हणून सांगितलं नाही. पलटणीच्या माणसाने आपल्या घरातल्या वाईट पायाला मान्यता दिली, यात त्याला एक समाधान होतं. मी त्या दिवशी त्याला गावाच्या वेशीपर्यंत सोडायला गाडी काढली नाही. चालत गेला.

आक्का परसातून सगळं ऐकत होती. मी विहिरीवर हात धुवायला गेलो तेव्हा ती म्हणाली, "तू उगा सगळ्यांशी वाकडं घिऊ नगं."

"ही माणसं वाकडी हायेत. मी सरळ बोललो की त्यांना वाकडं वाटतं."

"मला तुजं ऐकून बरं वाटतं. पर त्यानं काय व्हतंय?"

तिचं खरं होतं. माझ्या तोंडाने गाडी सुधारणार नव्हती.

तुळशीचं लग्न झालं. मी पहिलं भात घेऊन पुण्याला गेलो. जकात नाक्यावर रांगेत गाडी चार वेळा बंद पडली, चार वेळा उतरून हँडल मारलं, मागच्या गाड्यांवरचे ड्रायव्हर बिड्या ओढत तमाशा बघत होते. मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आलो तर आक्का नव्हती. दादाने तिला सकाळच्या यष्टीने नेऱ्याला पोचवली होती. गाडी असताना यष्टीने. मी घरी असताना नेण्याची त्याची छाती नव्हती, आणि आमच्या गाडीत तिला बसवायची तर मुळीच नव्हती.

"तिची तीच गेली," वहिनी म्हणाली. "म्हनली, माज्यापायी नगं."

"आन् तुमी तिला 'नगं जाऊ' म्हनला?"

वहिनी चुलीकडे वळली. दादाला नेमकं तेव्हाच शेताकडे काम निघालं. त्या दोघांबद्दल मला तेव्हा जे वाटलं ते लिहिता येण्यासारखं नाही. दादाचा राग मला लहानपणापासून यायचा, पण त्या दिवशी रागही आला नाही. एखाद्या भिंतीवर शेवाळ चढलेलं बघावं तसं मी त्याच्याकडे बघितलं. शेवाळाशी भांडायचं कसं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी सुरू केली. थंडी पडली होती, म्हणून चोक ओढला. चोक ओढला की कार्बोरेटरचं तोंड अर्धं झाकतं, हवा कमी आणि पेट्रोल जास्त जातं. इंजिन गरम होईपर्यंत तेवढा ओढायचा आणि मग ढकलून द्यायचा. मी ढकलला. गाडी कापायला लागली. परत ओढला. शांत झाली. आठवडाभर हे माझ्या हाताखाली रोज घडत होतं, पण रोज कुणीतरी येऊन आपली अक्कल पाजळत होतं, त्या गलबल्यात माणसाला स्वतःचा हात ऐकू येत नाही. त्या दिवशी अंगणात चिटपाखरू नव्हतं. मी चोक आत-बाहेर करत बसलो. हवा अडवली की गाडी सुधारते. म्हणजे गाडीला हवा जास्त होतेय. कार्बोरेटरमधून जाते ती सोडून दुसरीकडून कुठून तरी इंजिन हवा ओढतंय. जोरात पळताना तेवढ्या चोरट्या हवेचा फरक पडत नाही, सावकाश चालताना पडतो.

आता भोक शोधायचं. मी तेलाची कुप्पी घेतली आणि इंजिन चालू ठेवून एकेका सांध्यावर थेंब थेंब सोडत गेलो. जिथे हवा आत जात असेल तिथे तेल तात्पुरतं तोंड धरणार आणि आवाज बदलणार. कार्बोरेटरच्या बुडाशी सोडलं, काही नाही. खालच्या नळकांड्याच्या जोडावर सोडलं, काही नाही. सगळे सांधे झाले. राहिलं एक पूजेचं फडकं. मी त्याच्यावर कुप्पी उपडी केली.

फडक्याने तेल शोषलं, घट्ट झालं, आणि गाडी शांत झाली. नुसती शांत नाही, पूर्वीसारखी. मागून निळसर धुराचा एक लोट निघाला, म्हणजे ते तेल इंजिनाने गिळलं होतं. मी सुतळी कापली, फडकं सोडलं. आत करंगळीएवढी पितळी तोटी होती, उघडी. गाडी परत कापायला लागली आणि तोटीतून सूं असा आवाज यायला लागला. मी तोटीवर अंगठा ठेवला. गाडी शांत. अंगठा उचलला. कापरं. अंगठ्याला ती तोटी वासरासारखी ओढत होती.

ही तोटी वायपरची होती. त्या गाडीचा वायपर विजेवर चालत नसे. इंजिन हवा ओढतं, त्या ओढीवर चालायचा. तोटीपासून एक रबरी नळी निघून वर काचेच्या कपाळावरच्या डबीपर्यंत जायची. पावसाळा सरला की दादा दरसाल वायपरचं पातं काढून ठेवायचा, ते मला माहीत होतं. पण डबी आणि नळी गाडीवरच असायची. मी वाळक्या माळा ओरबाडून काढल्या. डबीच्या जागी नुसता पत्रा होता.

आमच्याकडचा पाऊस असा, दसरा आला की माणूस पावसाचं सगळं सामान सूड उगवल्यासारखं घरातून हलवतो. इरली माळ्यावर, घोंगड्या धुऊन घडी करून माळ्यावर, पावसातल्या वहाणा माळ्यावर. मी शिडी लावली आणि माळ्यावर गेलो. इरल्यांच्या उतरंडीवर वायपर ठेवलेला होता, पातं, डबी, नळी सगळ्यासकट, कुंकू लावून, वर एक झेंडूचं फूल. पावसाचं सामान म्हणून दादाने तो समूळ उपटून इरल्यांत नेऊन ठेवला होता. उघड्या तोटीतून उंदीर शिरू नये म्हणून तिला फडकं बांधलं होतं. आणि मग त्या फडक्याची पूजा केली होती, आणि मग त्याला कुणी हात लावू नये म्हणून पहारा दिला होता. इतकं सगळं एका माणसाने एकट्याने केलं. मिस्त्रीला आणि पलटणीवाल्याला त्यात नुसती साथ द्यायची होती.

मी दादाला शेतातून ओढत आणला. गाडी चालूच होती. त्याच्या समोर तोटीवर अंगठा ठेवला, उचलला, ठेवला, उचलला. मग नळी बसवली, डबी वर लावली, पातं लावलं. गाडी शांत उभी राहिली. पाऊस नव्हता तरी मी वायपर चालू करून दाखवला. तो कोरड्या काचेवर करकरत इकडून तिकडे फिरला.

"कळलं?" मी म्हटलं. "ह्यो पायगुण. ह्यो माळ्यावर व्हता. तू नेऊन ठेवला व्हतास."

दादाने इंजिनाकडे बघितलं, वायपरकडे बघितलं, फडक्याकडे बघितलं. त्याच्या तोंडावर शरम येईल म्हणून मी वाट बघत होतो. वेडा होतो. तो सावकाश म्हणाला, "आक्का हितं असताना इतक्या जनांनी बगितलं, कुनाला गावलं का? काल ती गेली, आज लगीच गावलं."

वहिनी दारातून म्हणाली, "त्येच की."

मी हे जन्मात विसरणार नाही. मला वाटलं होतं की खरं कारण दाखवलं की खोटं आपोआप पडतं. मी तर खोट्याला पक्कं करून ठेवलं होतं. संध्याकाळपर्यंत गावात झालं की बाई गेली आणि गाडी सुधारली. चांद्याच्या त्या शेतकऱ्याचा निरोप आला की आता भात तुमच्याच गाडीतून पाठवतो. पौडच्या मिस्त्रीनेही म्हणे कुणाला सांगितलं की मी तेव्हाच ओळखलं होतं. त्याने काय ओळखलं होतं ते त्याचं त्याला माहीत.

मी तिथे थांबलो नाही. गाडीत बसलो आणि तडक नेऱ्याला गेलो. जाताना ठरवत होतो की आक्काला शेजारी बसवायची, गावातून गाडी हळू न्यायची, देवळासमोर उभी करायची, आणि स्लोला चालत ठेवायची. आक्का गाडीत आणि गाडी शांत. बघू दे सगळ्यांना. मग दादा काय म्हणतो तेही ऐकायचं होतं मला.

आक्का सासरच्या अंगणात एकटीच राबत होती, खळं सारवून वाळलं होतं आणि ती भाताची पोती आतून ओढत आणत होती. ओट्यावर सासरा पान जुळवत बसला होता. त्याने मला बघितलं आणि चुन्याची डबी उघडली. मी गाडी खळ्यापाशीच उभी केली. इंजिन मुद्दाम चालू ठेवलं.

"आक्का, चल. गाडी सुधारली."

तिने पोतं खाली ठेवलं. "काय झालं व्हतं?"

मी सगळं सांगितलं, वायपर, तोटी, फडकं, माळा. कुंकू लावलेल्या वायपरचं ऐकून तिला हसू आलं. नवरा गेल्यापासून तिला मी हसताना बघितलं नव्हतं. ती पदराने तोंड झाकून हसली आणि मग थांबली.

"दादा काय म्हनला?"

मला खोटं बोलता येत नाही असं नाही, पण ती माझ्याकडे सरळ बघत होती.

"तू गेलीस म्हनून गावलं, असं म्हनला असंल," ती म्हणाली.

"म्हनू दे. तू चल. गाडी तुज्यासमूर चालतीया. आता कोन काय म्हनंल?"

ती खळ्यापलीकडून इंजिन ऐकत होती. जवळ आली नाही. "लढाईतली हाय न्हवं ही गाडी?"

"व्हय."

"म्हंजी जुनी झाली. परत कवातरी बिगडंल."

"बिगडंल की. जुनी गाडी बिगडतीच. मी हाय न्हवं नीट कराया."

"तू नीट करशील. पर नीट व्हईपतुर मी कुटं जाऊ?"

ओट्यावरच्या म्हाताऱ्याने पान तोंडात घातलं. आक्काने पोत्याचं तोंड सोडलं आणि खाली वाकूनच म्हणाली, "ही मानसं मला नुसती राबवत्यात. तुमी राबवून वर गाडीचंबी माज्याच डोक्यावर घालता. हितं एकच हाय, म्हनून मी हितं ऱ्हाते."

तिने 'दादा' म्हटलं नाही, 'वहिनी' म्हटलं नाही. 'तुमी' म्हटलं.

"आन् गाडी मागं घे," ती म्हणाली. "मला हितं भात वाळत घालायचंय."

मी गाडी मागे घेतली.